चीकवाले सर

आमचे सर चहात दूध घेत नसत. कुणी कारण विचारलं तर म्हणत, "दूध म्हणजे नमुना. नमुना पेत नसतात." विचारणारा हसायचा, सर हसायचे नाहीत, आणि मग विचारणाऱ्याला आपण उगाच हसलो असं वाटायचं.

भंडाऱ्याच्या आमच्या कॉलेजात मायक्रोबायॉलॉजीचा विभाग म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, एक फ्रीज, जंतू वाढवायची एक गरम पेटी आणि सर. यांपैकी पेटी अधूनमधून बंद पडायची. सरांचा विषय होता आईचं दूध. नीट सांगायचं तर बाळंतिणीचं पहिल्या काही दिवसांचं घट्ट, पिवळसर दूध. आमच्याकडे त्यालाही गाई-म्हशींसारखं चीकच म्हणतात. हे दूध जुलाबाच्या जंतूंना अडवतं का आणि किती, हे सर वर्षानुवर्षं तपासत होते. पन्नाशी उलटलेले, लग्न न केलेले, बाईमाणूस समोर आलं की भिंतीकडे बघून बोलणारे सर याच विषयाकडे कसे वळले, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पोरं त्यांना चीकवाले सर म्हणत. त्यांना ते माहीत होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, "नाव बराबर आहे."

प्राचार्यांनी त्यांना एकदा बोलावून घेतलं. माझ्या प्रोजेक्टच्या अर्जावर सही घ्यायला मी तिथंच उभी होते, त्यामुळे हे ऐकीव नाही.

"सर, म्हशीचं घ्या ना. जिल्ह्यात म्हशी कमी आहेत का?"

"म्हशीचा चीक कोणी फेकत नाही, साहेब," सर प्राचार्यांच्या मागच्या कॅलेंडरला म्हणाले.

प्राचार्यांना काही कळलं नाही, पण मला कळलं. आमच्या भागातल्या कितीतरी घरांत बाळंतिणीचं पहिलं दूध जड असतं, लेकराला पचत नाही, म्हणून पिळून टाकत. लेकराच्या तोंडात मध नाहीतर गुळाचं पाणी. सरांचं त्यावर एक ठरलेलं वाक्य होतं आणि ते प्रत्येक वर्गाला एकदा तरी ऐकावं लागे. "गाईचा चीक शिजवून गावभर वाटता, अन् बाईचा भिताडावर पिळता." मुली खाली बघायच्या, मुलं खिडकीबाहेर बघायची आणि सर फळ्याकडे बघायचे. वर्गात कुणी कुणाकडे बघत नसे.

अर्जावर शेवटी सही झाली. प्राचार्यांनी विषयाच्या रकान्यात "मानवी" हा शब्द जरा बारीक अक्षरात लिहायला सांगितला.

सरांची तपासायची रीत साधी होती. काचेच्या बशीत जेलीसारखं थापलेलं खाद्य. त्यावर जंतू पसरायचे, मधोमध एक भोक पाडायचं आणि त्यात दुधाचे दोन-चार थेंब सोडायचे. बशी रात्रभर गरम पेटीत. सकाळी सगळ्या बशीवर जंतूंची पांढुरकी साय धरलेली असते. दुधात दम असेल तर भोकाभोवती तेवढं एक स्वच्छ वर्तुळ उरतं. त्याला झोन म्हणायचं. सरांच्या खिशात पेनाच्या जागी एक प्लास्टिकची पट्टी असे आणि झोन दिसला की ते ती लावत. पट्टीची सवय इतकी की एका लग्नात जिलबी मोजताना मी त्यांना पाहिलंय. मोजून झाल्यावर त्यांनी ती खाल्ली, आकडा मात्र सांगितला नाही.

मी त्यांच्या नजरेत आले ती लसणामुळे. बी.एस्सी.ला लसणाच्या रसाचं प्रॅक्टिकल होतं. सगळ्या वर्गाने हुशार मुलाच्या वहीतून सोळा मिलिमीटर उतरवून घेतलं. माझ्या बशीत झोनच नव्हता. मी रडकुंडीला येऊन शून्य लिहिलं. सरांनी सगळ्यांना परत बसवलं आणि मला पूर्ण मार्क दिले. हुशार मुलगा चिडून म्हणाला, "सर, तिनं भोकात रस टाकलाच नाही. इसरली ते."

"मंग शून्य बराबरच आला," सर म्हणाले.

तेव्हापासून मी त्यांच्या मागे मागे राहिले ते एम.एस्सी. होईपर्यंत. आज मी एका दवाखान्याच्या लॅबमध्ये आहे. रोज कुणाचे ना कुणाचे आकडे लिहिते. नातेवाईक खिडकीत येऊन "मॅडम, थोडं कमी-जास्त?" असं विचारतात तेव्हा मला राग येत नाही, सर आठवतात. एकदा मीही तेच विचारलं होतं.

नमुने गोळा करायला सर स्कूटरवर जात. पायापाशी बर्फाचा थर्मास, डिकीत उकळून घेतलेल्या बाटल्या. गावच्या आशाताई आणि मी आत, बाळंतिणीच्या खोलीत. सर बाहेर अंगणात, घराकडे पाठ करून. संमतीपत्र मात्र त्यांना स्वतःच वाचून दाखवायचं असायचं, ते काम ते कुणावर सोपवत नसत. त्यामुळे "आपण हा नमुना स्वखुशीने देत असून केव्हाही नकार देऊ शकता" हे ते गोठ्याकडे तोंड करून मोठ्यानं वाचत आणि आतून बाळंतीण "हाव" म्हणे. अड्याळला एका गाईने मधेच हंबरून दाखवलं. सर थांबले, ते वाक्य त्यांनी पहिल्यापासून वाचलं आणि आतून पुन्हा "हाव" आल्यावरच पुढं गेले. बाया पदरात तोंड घालून हसत. पण दूध देत. एक म्हातारी मला म्हणाली होती, "माणूस येडा आहे, पण पाठ नाही वळवली त्यानं आमच्याकडं." सरांनी पाठच वळवलेली होती. तिला काय म्हणायचं होतं ते मला समजलं.

फ्रीजमधल्या नमुन्याचा शिपायाने चहा केला, अशी एक गोष्ट कॉलेजात अजून सांगतात. ती खोटी आहे. फ्रीजला कुलूप होतं आणि किल्ली सरांच्या गळ्यात.

गरम पेटी बंद पडली की सर बशांवर टेप लावून, स्टीलच्या डब्यात घालून, अंडी उबवायचं मशीन असलेल्या एका कोंबडीवाल्याकडे नेऊन ठेवत. ऊब तीच लागते. त्या माणसाने पहिल्या दिवशी विचारलं, "सर, याच्यातून काय निघन?" सर म्हणाले, "काही नाही निघालं, तर चांगलं." त्यानंतर त्याने कधी विचारलं नाही.

हा प्रोजेक्ट मी का घेतला हे सरांनी कधी विचारलं नव्हतं. मीच एक दिवस सांगितलं.

करडीला, माझ्या गावी, आमच्या घरी त्याच्या दोन वर्षं आधी वहिनीला पहिली मुलगी झाली होती. वहिनीला माहेरी कुणी नाही, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच. पावसाने रस्ता बंद झालेला, दवाखाना गाठता आला नाही. सुईणीने घरीच मोकळी केली. मग तिने रितीप्रमाणे वाटीत वहिनीच्या दुधाचे थेंब घेऊन त्यात काळी मुंगी सोडली. मुंगी बाहेर आली तर दूध चांगलं, मेली तर दूध जहरी. मुंगी मेली. आईने लेकरू वहिनीच्या अंगाला लावूच दिलं नाही. बकरीचं दूध पाणी घालून चमच्याने पाजलं. बाराव्या दिवशी, दोन दिवसांच्या जुलाबाने, लेकरू गेलं.

माझी आई वाईट बाई नाही. नातीसाठी तिने तीन दिवस अन्नाला हात लावला नाही. पण मुंगी मेलेली तिने डोळ्यांनी पाहिली होती आणि त्यापुढे माझ्या पुस्तकांचं काही चालेना. लेकराच्या अंगात ते जहर आधीच होतं, असं ती म्हणे. गल्लीतल्या बाया आपलं तान्हं वहिनीच्या हातात देईनाशा झाल्या. तोंडावर कुणी बोललं नाही. नुसतं लेकरू उचलून दुसऱ्या काखेत घेत.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग फ्रीजकडे बघत विचारलं, "मुंग्या किती होत्या?"

"एक."

"साध्या पाण्यात टाकलेली दुसरी?"

"नाही, सर."

"मंग काय समजायचं त्याच्यातून?" त्यांनी फ्रीजचं कुलूप एकदा ओढून पाहिलं. मग म्हणाले, "मुंगी पोहत नसते, बाई."

पुढं वहिनीला दुसऱ्यांदा दिवस गेले. धान रोवणीच्या दिवसांत एकदा भाकरी थापताना तिने मला विचारलं, "ताई, माह्यं दूध खरंच तसं आहे का?" मी जोरात नाही म्हणाले. ती म्हणाली, "तुमी तपासलं का?"

या वेळी मुलगा झाला, सरकारी दवाखान्यात. सिस्टरच्या धाकाने दोन दिवस लेकरू वहिनीच्या अंगावर प्यायलं. तिसऱ्या दिवशी घरी आल्यावर आईने ते उचलून घेतलं आणि बकरीचं दूध गरम करायला ठेवलं. वहिनी आमच्या घरात पहिल्यांदा मोठ्यानं बोलली.

"मी पाजीन. माह्यं लेकरू आहे."

"मुंगी टाकू का मंग?" आई म्हणाली.

"मुंगीबिंगी काही नाही," मी मधे पडले. "सर तपासतील."

आईने थोडा विचार केला. "बरं. तपासून आण. गुरुजी म्हणन चांगलं, तर पाजू दे. नाही निघालं, तर माह्या नातवाले तिच्याजवळ नेऊ देणार नाही. मांग एक गमावली मी."

वहिनी म्हणाली, "चालते." मला आजही वाटतं, तिने तेव्हा स्वतःहून मान पुढं केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने बाटलीत दूध काढून दिलं. मी आंघोळ करून आले, बाटली बर्फात ठेवली आणि पहिल्या बसने भंडारा गाठला. सरांनी तिच्यावर इतर नमुन्यांसारखाच नंबर टाकला. ती कुणाची ते मी सांगितलं नव्हतं.

त्याच्या पुढच्या सकाळी बशी काढली. पांढुरकी साय सगळीकडे सारखी. भोकाच्या काठापर्यंत.

सरांनी पट्टी लावलीसुद्धा नाही. "शून्य," म्हणाले आणि पेन उघडलं.

घरून निघताना लेकराला दोनदा पाण्यासारखं झालेलं मी पाहिलं होतं. आशाताई "अंगावरचंच पाजा" असं बजावून गेल्या होत्या. आई त्यांना हाव म्हणाली होती आणि बकरीच्या दुधासाठी चूल पेटवायला गेली होती. मी सरांचा हात धरला. असा हात त्यांचा कुणी धरला नसेल. "सर, बारा लिहा. दहा लिहा. माझ्या वहिनीचं आहे हे." आणि मी सगळं सांगून टाकलं, रडत, नाक ओढत.

"आकडा बदलत नसतो मी," सर म्हणाले. त्यांनी हात सोडवून घेतला आणि शून्य लिहिलं. त्या क्षणी मला त्यांचा इतका संताप आला की ती बशी त्यांच्यासमोर आपटावीशी वाटली. बायकोपोरं नसलेल्या माणसाला काय कळणार, असंही मनात आलं. मनात आलं ते सांगायला हवं.

सर मात्र दुसरी बशी शोधत होते. प्रत्येक नमुन्याचा एक थेंब ते जंतू न घातलेल्या बशीवर नुसता ओढून ठेवत, दुधात मुळात काय आहे ते बघायला. ती बशी त्यांनी उजेडात धरली, फिरवली, पुन्हा धरली. तिच्यावर काही म्हणजे काही उगवलेलं नव्हतं.

"हे लई साफ आहे," ते म्हणाले. "अंगावरून आलेल्या दुधात थोडी मंडळी असतेच. जित्या बाईचं दूध एवढं साफ नसते." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हे उकळलं कोणं?"

स्कूटरवरून अर्ध्या-पाऊण तासात आम्ही करडीला पोचलो. आई अंगणात होती. सरांनी गोठ्याकडे तोंड केलं.

"ताई, काल सकाळी बाटलीतलं दूध तुमी कायच्यात उकळलं?"

"गंजात," अंगणात पालथ्या घातलेल्या पातेल्याकडे बोट दाखवत आई म्हणाली. तिला प्रश्नात काही वावगं दिसलं नाही. "चांगला घासून घेतला होता गंज. साय काढून टाकली अन् भरलं परत. एवढं दूर न्यायचं, नासलं असतं ना. अन् काहून नाही उकळू? याच पोरीनं डोकं खाल्लं माह्यं पाच वर्षं. आई पाणी उकळ, आई दूध उकळ, जंतू राह्यतेत. आता हेच उकळलं तर तुमी पुसाले आले."

मी पायरीवर बसले. खरं होतं. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून मी घरात तेच पढवत आले होते. चांगलं शिकवलं होतं. आई तेवढीच गोष्ट माझ्याकडून शिकली होती आणि तिने ती लेकराच्या भल्यासाठीच केली होती.

"त्यानं दुधातली लढणारी चीज मरून जाते," सर गोठ्याला म्हणाले. "पुन्हा काढा. कच्चं. अन् लेकराले आतापासूनच अंगावर द्या, माह्या बशीची वाट पाहू नका."

"बशी पाह्यल्याबिगर नाही," आई म्हणाली. "ठरलं आहे तसं. अन् या वेळी बाटली मी सोतः घेऊन येतो."

मग ती एसटीत माझ्या शेजारी, बाटलीचा थर्मास मांडीवर दोन्ही हातांनी धरून, भंडाऱ्यापर्यंत बसून राहिली. लॅबच्या दारात तिने चपला काढल्या. आत आल्यावर सरांच्या बर्नरवरची काळवंडलेली जाळी बघून तिने राख आहे का विचारलं. सर म्हणाले, "घासू नका, ताई." बाटलीतलं थोडं दूध त्यांनी नळीत घेऊन तिच्या देखत उकळलं.

"आता तुमी काहून उकळून राहिले?"

"कालचं बराबर होतं का पाहायले. एका भोकात कच्चं, एकात उकळलेलं, एकात साधं पाणी. खुणा तुमीच करा. मंग मी लबाडी केली असं नको."

आईने बशीच्या पाठीवर एक ठिपका, दोन ठिपके, तीन ठिपके काढले.

सकाळी सर बशी डब्यात घालून स्वतः करडीला आले. रात्रभरात लेकराला आणखी तीनदा झालं होतं आणि ते रडायचंही कमी झालं होतं. वहिनीचं अंग दुधाने दगडासारखं झालेलं, ती मोरीत पिळून टाकत होती. मी रात्री दोनदा लेकरू चोरून तिच्याजवळ न्यायला उठले आणि दोन्ही वेळा आई जागी होती.

सरांनी झाकण काढलं. बशीला टेप तशीच होती. आईने ती वरून पाहिली, उलटी करून ठिपके पाहिले, परत सरळ केली. एक ठिपका असलेल्या, कच्च्या दुधाच्या भोकाभोवती स्वच्छ वर्तुळ होतं, करंगळी मावेल एवढं. बाकी दोन्हीकडं काही नाही.

"म्हणजे दूध चांगलं आहे," आई म्हणाली.

"हाव."

"म्या उकळून मारलं."

"हाव," सर म्हणाले. आढेवेढे त्यांना येतच नसत.

आई बशीकडे बघत राहिली. वहिनी दारात येऊन उभी होती. मग आईने अगदी हळू विचारलं, "गुरुजी, मंग त्या पहिल्या पोरीच्या वक्तीचंबी चांगलंच असन?"

सर कधी खोटं बोलत नाहीत, कुणासाठी आकडा बदलत नाहीत, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. कालपर्यंत मला आईला हेच ऐकवायचं होतं. आता मला सरांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला.

सरांनी डब्याचं झाकण लावलं. लावायला त्यांना वेळ लागला.

"तो नमुना माह्याजवळ नाही, ताई," ते म्हणाले. "ज्याचा नमुना नाही, त्याचा निकाल मी देत नाही."

आईने मान हलवली. ती उठली, खाटेवरचं लेकरू उचललं आणि वहिनीला खाली बसवून तिच्या मांडीवर दिलं. सर तोवर फाटकापाशी पोचले होते. लेकराने एकदा तोंड फिरवलं, मग घट्ट धरलं आणि ओढायला लागलं. वहिनीने सवयीने पदर ओढून घेतला. आईने तिच्याजवळ बसून तो पदर हलकेच बाजूला केला.

"राहू दे, बाई," ती म्हणाली. "पाहू दे मले. त्या पोरीले पेताना मी पाह्यलंच नाही."